गप्प बाजूची ऊब

वायरी गुंडाळून होतील सावकाश, बसा जरा. आणि तो पायाखालचा डबा इतक्यात बंद करू नका, आधी ऐका. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, आणि हे ज्यानं डोळ्यांनी पाहिलं त्याचा तर देवावरही नव्हता. पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या.

गिटारचा आवाज मोठा करणारे ॲम्प दुरुस्त करणारा एकजण माझ्या ओळखीत आहे. सगळे त्याला धूरकाका म्हणतात. जळालेला ॲम्प दुकानात आला की तो आधी वास घेतो, मग स्क्रू काढतो. आत काय गेलंय ते नुसत्या वासावरून सांगतो. त्याची बायको म्हणते, घरात दूध करपतं तेव्हा हे नाक कुठे गहाण पडलेलं असतं कोण जाणे.

या धूरकाकाकडे दोघं भाऊ यायचे, थोरला आणि धाकटा. दोघंही गिटार वाजवायचे, आणि एकमेकांवाचून त्यांचं पान हलत नसे. दोघांचे ॲम्प वेगवेगळे, जुने, चालू केले की आत लालसर पेटणाऱ्या काचेच्या व्हॉल्व्हचे. मोठा स्पीकर मात्र दोघांत एकच. एकाचं वाजवून झालं की वायर उपटायची आणि दुसऱ्याच्या ॲम्पला लावायची. एकदा ऐन कार्यक्रमात घाईघाईत वायर काढली आणि धाकट्याचा ॲम्प तसाच चालू राहिला. दुसऱ्या दिवशी दोघं तो जळका ॲम्प घेऊन दुकानात हजर.

धूरकाकानं दोघांना चांगलं फैलावर घेतलं. "अरे शहाण्यांनो, व्हॉल्व्हचा ॲम्प स्पीकरशिवाय चालू ठेवायचा नसतो. त्याची ताकद कुठेतरी उतरायला हवी. जागा मिळाली नाही की तो आतल्या आत जळतो."

"मग एका स्पीकरवर दोघांनी करायचं काय?" थोरल्यानं विचारलं.

"पायानं दाबायचा डबा करून देतो. दाबलं की स्पीकर तुझ्याकडे, पुन्हा दाबलं की याच्याकडे. आणि ज्याची पाळी नसेल त्याचं ओझं डब्यातला जाड रेझिस्टर घेईल. त्यानं कितीही वाजवलं तरी आवाज येणार नाही, पण डब्याची ती बाजू तापेल. हात लावलास की कळेल."

धाकटा हसला. "म्हणजे गप्प बसलेलाही वाजवतच असतो म्हणा की."

ॲम्प दुरुस्त होऊन घरी गेला. मागाहून डबाही झाला, पण तो न्यायला कोणी आलं नाही. एका कार्यक्रमाहून परतताना त्यांची गाडी झाडावर आदळली. गाडी थोरला चालवत होता. त्याला नुसतं खरचटलं. धाकटा जागच्या जागी गेला.

त्यानंतर थोरल्यानं गिटार भिंतीला टेकवली ती टेकवलीच. कामावर जायचा, यायचा, ताटातलं चिवडून उठायचा. आईनं काही विचारलं तर 'हो' नाहीतर 'नको'. अंगावर मांस राहिलं नाही. डॉक्टर म्हणाले, शरीरात काही बिघाड नाही. आई बिचारी रात्री दोनदोनदा उठून त्याचा श्वास चालू आहे ना ते बघायची. एक गेला, दुसरा आपल्या डोळ्यांदेखत विझत चाललाय, एवढंच तिला दिसत होतं.

असं वर्ष गेलं. मग नोव्हेंबरातल्या दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी तिनं धूरकाकाला फोन केला.

"भाऊ, मुलांचा तो डबा आहे ना तुमच्याकडे? आणून लावून देता का? तो वाजवेल की नाही देव जाणे. पण त्या निमित्तानं खोली तरी उघडेल."

धूरकाकानं फळीवरचा डबा पुसला, दुकान बंद केलं आणि निघाला. नऊ वाजले असतील. बाहेर टिपूर चांदणं होतं, रस्त्यावर माणसं होती, कोपऱ्यावर कोणीतरी स्कूटरला लाथा घालत होतं. भुताच्या गोष्टीला शोभेल असं काहीसुद्धा नव्हतं.

भावांची खोली स्वयंपाकघराला लागून होती, मध्ये एकच भिंत. आई ओट्यापाशी भांडी घासत होती. खोलीत थोरला एका उंच स्टुलावर बसला होता. धूरकाकानं ॲम्पांवरची चादर काढली, डबा जमिनीवर ठेवला आणि कामाला लागला. उजवी बाजू थोरल्याची, तिचा दिवा लाल. डावी धाकट्याची, तिचा हिरवा. मागून एक वायर स्पीकरला.

"त्याचा नका लावू," थोरला म्हणाला.

"वायर तरी जोडतो रे. डबा दोघांसाठी केलाय."

"मग विजेची पिन नका लावू त्याची."

धूरकाकानं वाद घातला नाही. धाकट्याच्या ॲम्पची पिन जमिनीवर तशीच पडू दिली. थोरल्याचा ॲम्प चालू केला, त्याची गिटार जोडली, डबा दाबून लाल दिवा लावला आणि दाराशी जाऊन उभा राहिला. "घे. बघ तरी."

बऱ्याच वेळानं थोरल्यानं तारांना हात लावला. दोघा भावांनी मिळून बसवलेली एक धून होती, तीच लागली हाताला. अर्धी थोरल्याची, मग डबा दाबायचा, अर्धी धाकट्याची. अशी त्यांनी ती ठरवली होती. थोरल्यानं आपली अर्धी वाजवली. त्या जागेपाशी आला... आणि हात थांबला.

"पुढचं मी नाही वाजवणार," तो म्हणाला. "ते त्याचं होतं."

पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला.



टक्.

धूरकाकानं खाली पाहिलं. लाल दिवा गेला होता. हिरवा लागला होता.

थोरल्याचे दोन्ही पाय स्टुलाच्या दांडीवर होते. डबा चार हात लांब होता. त्याचं बटण असं कडक, की हातानं दाबलं तर अंगठा दुखावा.

"स्प्रिंग नवी आहे..." धूरकाका म्हणाला. "कधीकधी..."

स्पीकरमधून गुणगुण येऊ लागली. बारीक. मध्येच अडखळणारी, पुन्हा सुरू होणारी. ती धाकट्याच्या ॲम्पची होती. धूरकाका कितीदा म्हणाला होता, ही खोड काढून देतो. धाकटा म्हणायचा, राहू दे काका, ओळखीची आहे.

पिन जमिनीवरच होती. व्हॉल्व्ह काळेच होते.

गुणगुण चालू होती...

भिंतीपलीकडून आईचा आवाज आला. तिला तर काहीच दिसत नव्हतं.

"धाकट्या...? आलास का रे? जेवण गरम करू?"



मग थोरला बोलला. हिरव्या दिव्याकडे बघत, अगदी हळू.

"तू म्हणालास, दादा, मी चालवतो. मी दिली नाही गाडी. मला झोप आली होती... तरी नाही दिली. माझा डोळा लागला रे. आईला सांगितलं नाही. कोणालाच नाही."

आई दारात आली होती. तिचे हात ओले होते. धूरकाका सांगतो, त्याला वाटलं आता ही कोसळणार. ती कोसळली नाही. तिनं जाऊन थोरल्याचं डोकं पोटाशी धरलं.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "त्याच दिवशी कळलं होतं तुझ्या तोंडाकडे बघून. तू कधी बोलतोस याची वाट बघत होते."

तेव्हा तो रडला. वर्षभराचं रडला.

टक्.

लाल दिवा लागला. गुणगुण थांबली.

किती वेळ गेला कोण जाणे. थोरल्यानं डोळे पुसले, गिटार उचलली आणि धाकट्याची अर्धी धून वाजवली. चुकतमाकत, पण शेवटपर्यंत.

निघण्याआधी डबा तपासावा म्हणून धूरकाका वाकला. उजव्या बाजूला हात लावला, ती गार होती. डाव्या, धाकट्याच्या बाजूला लावला आणि झटकन मागे घेतला. चांगलाच चटका बसला होता.

पुढे त्यानं तो डबा दोनदा उघडला, स्प्रिंग बदलली, रेझिस्टर बदलला. दोष सापडला नाही. दुसरा करून देतो म्हणाला, तर आईनं हा नेऊ दिला नाही.

थोरला आता रोज संध्याकाळी वाजवतो. पोटभर जेवतो, आईशी बोलतो, कधी चिडतोही. धाकट्याच्या ॲम्पची पिन त्यानं दोरीनं बांधून वर ठेवली आहे. डब्यावर सगळा वेळ लाल दिवा असतो, आणि वाजवणारा एकटाच असतो.

निजायच्या आधी आई खोलीत जाते, वाकते आणि डब्याच्या डाव्या बाजूवर तळवा ठेवते. उशीवरून कोणी नुकतंच उठून गेलं असावं, तशी ती बाजू ऊन असते. थोडा वेळ ती हात तसाच ठेवते. मग खोलीतला दिवा मालवते.