घंटी १.५

ही घटना खरी आहे. ज्याला हसायचं त्याने खुशाल हसावं.

गेल्या मार्चमधला शुक्रवार. दुपारचे तीन. उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये, जीन्सच्या कारखान्यावरचं छोटं ऑफिस.

बदलापूर गावचा अल्पेश तिथे ॲप बनवायचा. अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत गॅस गळला, की कामगारांचे मोबाईल सायलेंटवर असले तरी बोंबलायचे, ते या ॲपमुळे. अल्पेशचा बाप अनंता त्याच कंपनीत ऑपरेटर.

बोंबलायचं काम ॲपमधली 'घंटी' नावाची लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा जुडगा, करायची. ती लिहिली होती ऑफिसातल्या राजरत्नने. तो आजारपणात गेला. त्याला जाऊन आठवडा झाला नाही, तोच या शहाण्या अल्पेशने फाईलमधलं त्याचं नाव पुसून स्वतःचं टाकलं.

आता ॲप तयार करणारं बिल्ड टूल बदलायचं होतं. नव्या टूलला राजरत्नची शेवटची आवृत्ती, घंटी १.४, चालेना. ती नव्याने लिहायला निदान पंधरा दिवस हवे होते.

"उद्या ॲप पाहिजे म्हणजे पाहिजे," मालक हरेश म्हणाला. "नाही जमलं तर सोमवारपासून येऊ नको. कैसे भी कर, यार. बिल्ड पास होऊन हिरवं दिसलं की झालं."

अल्पेशने वैतागून घंटीच्या नंबरच्या जागी लिहून टाकलं, सर्वांत नवी असेल ती घे. आळशी माणसाची सवय, दुसरं काय! नवी होतीच कुठे? लिहिणाराच मेलेला.

बिल्ड सुरू झालं.

खालच्या शिलाई मशिनी बंद पडल्या... एकदम सगळ्या.

डोक्यावर पंखा फिरत होता, पण त्याचा आवाज येत नव्हता.

स्क्रीनवर ओळ आली... घंटी १.५ सापडली.

कधीची? आजची. तीन वाजून दहा मिनिटांची.

कोणी टाकली?

राजरत्नने...

राजरत्नचं सर्व्हरवरचं खातं तर अल्पेशनेच बंद केलं होतं. थांबावं, आत काय आहे ते बघावं, असं वाटलं त्याला. पण बिल्ड हिरवं झालं. ऑफिसच्या दोन मोबाईलवर घंटी वाजली. घरी बापाच्या मोबाईलवरही वाजली. नोकरी वाचली, आणि पठ्ठ्या गप्प बसला.

मंगळवारी सकाळी कंपनीत गॅस गळला.

एक्केचाळीस मोबाईल बोंबलले. एक्केचाळीस माणसं पळत बाहेर आली.

एक मोबाईल वाजलाच नाही... अनंताचा.

तो मागच्या टाकीजवळ एकटा होता. मोबाईल चालू होता. चार्ज होता. खिशातच होता.

अल्पेशने सर्व्हर धुंडाळला. तिथे १.४ होती. १.५ आल्याची साधी नोंदही नव्हती.

कंपनीने त्याचा सत्कार केला. शाल, श्रीफळ, टाळ्या. त्याच्या घंटीने एक्केचाळीस जीव वाचवले म्हणे. खरं सांगायची त्याची छाती झाली नाही.

अनंता गेला, त्याच्या जागी अल्पेशची आई, मोतीबाई, पॅकिंगला लागली. पहिल्या दिवशी डबा भरून झाल्यावर तिने मोबाईल लेकापुढे केला.

"माजे मोबाईलान पन टाक तुजी घंटी. तुजे बापाचा नशीबच खोटा."

नाही म्हणायला कारण काय सांगणार? अल्पेशने टाकली.

नोकरी सोडली त्याने. आता रोज आई गेटातून आत गेली, की समोरच्या टपरीवर बसून असतो. तिची सुट्टी होईपर्यंत उठत नाही.