बंद व्हायची वेळ दिलेली नाही

बँकांना शनिवार ते सोमवार सलग सुट्टी आली, म्हणजे भिंगरीच्या बाबाला सुट्टी आली, कारण तो बँकेत काउंटरवर बसतो. भिंगरीच्या आईला मात्र सुट्टी लागली की काम वाढतं. ती वर्तमानपत्राच्या पुरवणीत आहे. लोकांनी सुट्टीत शहरात कुठे जावं, काय पाहावं, मुलांना कुठे न्यावं, हे तिनं पानभर लिहायचं आणि स्वतः घरात बसून ते पान लावायचं, असा तिचा संसार.

भिंगरी पाच वर्षांची. नाव तिला शोभेल असंच पडलेलं. एका जागी बसणं तिला माहीत नाही. झोपेतसुद्धा ती पलंगावर घड्याळाच्या काट्यासारखी फिरते आणि सकाळी तिचे पाय आईच्या तोंडावर असतात. आईला ती ‘आऊ’ म्हणते, तेही दिवसातून शंभरदा, आणि प्रत्येक वेळी काहीतरी हवं असतं.

पान गुरुवारी द्यायचं होतं. ‘सलग सुट्टीत शहरात काय कराल?’ असं वर मोठ्या अक्षरात, खाली चौकटी. जुन्या नाण्यांचं प्रदर्शन, टेकडीवरचा पक्षीफेरा, मुलांसाठी मातीकाम. सगळं जुळून आलं होतं आणि ऐन वेळी तळ्यातल्या नावेची फेरी रद्द झाली. मधोमध एक चौकट रिकामी राहिली. पुरवणीच्या सरांचा फोन आला.

“भोक पडलंय पानाला. अर्ध्या तासात काहीतरी भर.”

“सर, आता कोण उचलणार फोन? खातरजमा कशी करू?”

“तू भर गं. तुझ्यावर विश्वास आहे माझा.”

त्याच वेळी भिंगरीनं स्वयंपाकघरातून डाव आणि पातेलं आणलं होतं आणि टेबलाखाली बसून ती वाजवत होती. ढम्, ढम्, ढमढम्. त्यावर तिचं स्वतःचं गाणं, ज्याला शब्द असे नव्हतेच. आईनं तिला दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा समजावलं, आणि मग तिच्या तोंडून निघून गेलं, “गप्प बस जरा! नाहीतर कुठेतरी नेऊन सोडून येईन तुला!”

भिंगरी गप्प झाली. क्षणभरच. मग तिनं विचारलं, “कुठे?”

आईची बोटं कीबोर्डवर आपोआप चालायला लागली.

‘निवांत घर. जुन्या छापखान्यामागच्या गल्लीत हिरव्या दाराचं एक छोटं घर आहे. मुलांना आत सोडा आणि तुम्ही बाहेरच्या बाकावर निवांत बसा. आत रंग आहेत, वाळू आहे, लाकडी ठोकळे आहेत, सांभाळायला एक बाई आहेत. मोठ्यांना आत प्रवेश नाही. मूल शांत होऊन बाहेर येतं. प्रवेश मोफत. सकाळी दहापासून.’

ती गल्ली तिनं मुद्दाम निवडली होती. तिथं दारच नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. एका बाजूला छापखान्याची मागची भिंत, दुसऱ्या बाजूला टायरच्या गोदामाची. कोणी गेलंच तर शोधून परत येईल, म्हणेल पत्ता चुकला असेल, आणि सोमवार संपला की सगळे विसरतील. ‘खातरजमा झाली’ या रकान्यात तिनं बरोबरची खूण केली. आजवर तिनं ती खूण कधी खोटी केली नव्हती.

शनिवारी पुरवणी निघाली. सुट्टीत वाचकांचे फोन तिच्याच मोबाईलवर वळवलेले असतात. पहिला फोन आला. आता शिव्या, असं म्हणत तिनं तो उचलला.

“अहो, आभार मानायला केला हो!” एक बाई बोलत होती. आवाजावरून दमलेली, पण खुशीत. “जुळी आहेत माझी. घर डोक्यावर घेतात. सकाळी नेलं त्या निवांत घरात. काय सांगू, आल्यापासून दोघं भिंतीला टेकून बसलीयेत. शहाण्यासारखी. मी पहिल्यांदा गरम चहा प्यायले आज!”

“तुम्ही... नक्की तिथेच गेला होतात?”

“म्हणजे काय! फोटो पाठवते ना.”

फोटो आला. हिरवं दार. समोर बाक. दाराशेजारी खिळ्याला एक निळा मग अडकवलेला. तो मग आईनं लिहिला नव्हता. लिहिताना तो फक्त तिच्या डोळ्यांसमोर आला होता, आणि जागा पुरणार नाही म्हणून तिनं तो गाळला होता.

तिनं फोन उलटा करून ठेवला. कोणीतरी पाळणाघर काढलं असेल, ती स्वतःला म्हणाली. दार पाडायला कितीसा वेळ लागतो? मग तर फारच योगायोग झाला, असंही म्हणाली. नवऱ्याला सांगावं असं वाटलं, पण सांगायचं तर आधी ती खूण खोटी होती हे सांगावं लागणार. तिनं सांगितलं नाही.

संध्याकाळी आणखी एक फोन. पुरुषाचा आवाज, चाचरत.

“ते घर बंद कधी होतं? तिथल्या बाईंना विचारलं तर म्हणाल्या, पेपरात लिहिलेलं नाही.”

“तुमचं मूल आत आहे का अजून?”

“नाही, नाही. आणलं की घरी. समोरच बसलंय.” तो थांबला. “तेच तर. आणलंय ना घरी. पण बायको म्हणते, विचारा एकदा.”

ती रात्र तिनं कूस बदलत काढली. रविवारी दुपारी नवरा म्हणाला, “डोळे बघ स्वतःचे. तू झोप. मी हिला फिरवून आणतो.” इतकं साधं बोलला की तिला रडूच आलं. भिंगरीनं जाताना दारातून ओरडून “आऊ, टाटा!” केलं, परत येऊन पुन्हा केलं, आणि आईनं कूस वळवून नुसता हात हलवला.

ती जागी झाली ती शांततेनं. फोनवर नवऱ्याचा निरोप होता. ‘तुझ्या पानावरच्या जागी आलोय. भारी आहे. तू सांगितलंसच नाहीस!’

रिक्षात बसल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण उशीचा अभ्रा हातात घेऊन निघालो आहोत.

छापखान्यामागच्या गल्लीत शाईचा आणि रबराचा वास होता, नेहमीसारखा. गोदामाची भिंतही होती. आणि त्या भिंतीत, आधीपासूनच असावं तसं, हिरवं दार. रंगाचे पोपडे निघालेले, कडीचं लोखंड वापरून गुळगुळीत झालेलं. समोर बाकावर आईबाप बसले होते. कोणी कोणाशी बोलत नव्हतं. सगळ्यांच्या चेहऱ्यावर सारखंच काहीतरी होतं, आणि ते काय हे तिला लगेच कळलं, कारण ते तिनं आरशात पाहिलं होतं. सुटका झाल्याचं समाधान, आणि ते वाटल्याची लाज.

“अगं, तू कशाला आलीस?” नवरा उठला. “बस की. मस्त वारा येतोय.”

तिनं दारावर दोन्ही हातांनी थापा मारल्या.

दार उघडणाऱ्या बाई ना म्हाताऱ्या होत्या, ना तरुण. पुढे तिनं कितीदा आठवून पाहिलं, त्यांचा चेहरा काही केल्या आठवेना. चौकटीत तिनं त्यांना चेहरा दिलाच नव्हता.

“झालंच हिचं,” बाई प्रेमानं म्हणाल्या आणि भिंगरीला पुढे केलं.

भिंगरी बाहेर आली. चालत. केस विंचरलेले, बुटाच्या नाड्या नीट बांधलेल्या. तिला नाड्या बांधता येत नाहीत. तिनं आईचा हात धरला. हात कोरडा आणि गार होता.

आणि दार लोटलं जायच्या आधी, आतून, बऱ्याच लांबून आल्यासारखं, आईनं ऐकलं.

ढम्, ढम्, ढमढम्.

तिनं दारात पाय घालायचा प्रयत्न केला.

“मोठ्यांनी बाहेरच बसायचं,” बाई म्हणाल्या. त्यात राग नव्हता. “तुम्हीच लिहिलंत ना?”

घरी आल्यावर तिनं भिंगरीला आंघोळ घातली आणि घालताना अंगाचा कोपरा न् कोपरा पाहिला. दंडावरचा लसीचा वण होता. कानामागचा तीळ होता. गुडघ्यावर परवाची खपली होती, तशीच. आईचे डोळे खोटं सापडावं म्हणून शोधत होते आणि सगळं खरं निघत होतं.

“पाणी पिऊ का?” मुलीनं विचारलं. मग पेला धुऊन पालथा ठेवला.

“बघ की, कसली शहाणी झाली!” नवरा हसला. जेवताना तो पुन्हा तेच म्हणाला, पण हसला नाही. झोपायच्या वेळी मुलगी पलंगाच्या अगदी कडेला, हात पोटावर ठेवून, सरळ झोपली. परक्याच्या घरी झोपावं तशी. सकाळी ती तिथेच, तशीच होती. नवरा बराच वेळ तिच्याकडे बघत उभा राहिला, मग बायकोला हळूच म्हणाला, “हिनं काल आल्यापासून तुला एकदा तरी हाक मारली का गं?”

तेव्हा तिनं त्याला सगळं सांगितलं. रिकामी चौकट, खोटी खूण, टेबलाखालचं पातेलं, आणि तिच्या तोंडून निघालेलं वाक्य. तो उठून मुलीच्या पलंगाशी जाऊन बसला. त्यापेक्षा दोन शब्द सुनावून मोकळा झाला असता तर तिला बरं वाटलं असतं.

सोमवारी सकाळी ती एकटीच गेली. बाक भरलेला होता. दाराला कान लावला तर आत एक नव्हे, कितीतरी पोरांचा गलका. भांडणं, पळापळ, रडणं, हसणं. घर डोक्यावर घेतलेलं. आणि त्यात एक आवाज, जो तिला हजारांत ओळखू आला असता.

“आऊ! आऊ, ऐक ना!”

दार फटीएवढं उघडलं.

“माझी मुलगी द्या,” ती म्हणाली. “हात जोडते.”

“तुमची तर तुम्ही नेलीत,” बाई म्हणाल्या. “शांत झालेली.”

“मला ती नको. आतली द्या.”

बाई क्षणभर अवघडल्या. “वेळ संपल्याशिवाय कशी सोडू? सकाळी दहापासून, एवढंच लिहिलंय. कधीपर्यंत, ते दिलेलंच नाही.” आणि जरा आवाज उतरवून, “आम्हालाही दमायला होतं हो.”

दार पुन्हा उघडेल म्हणून दुपार टळेपर्यंत ती तिथेच थांबली. परत येऊन घराचा जिना चढत होती तेव्हा सरांचा फोन आला.

“अगं, ते निवांत घर काय प्रकार आहे? पालिकेत कोणीतरी तक्रार केली, मुलांचा मामला आहे, परवाना दाखवा म्हणतायत. त्यांच्याकडे असलं घरच नाही! तू फोन केला होतास ना तिथे?”

“नाही केला, सर.”

पलीकडे सर कोणालातरी पान थांबवायला सांगत होते.

“बरं. ते आपण ऑफिसात बघू. आता उद्याच्या अंकात खुलासा जाऊ दे. नेहमीचाच मजकूर. ‘असे कोणतेही ठिकाण अस्तित्वात नाही, चुकीबद्दल दिलगीर आहोत.’ ताबडतोब लिही, पान थांबवलंय मी.”

ती टेबलाशी बसली. नवरा मागच्या खोलीत होता. मुलगी सोफ्यावर, पाय जुळवून.

‘निवांत घर नावाचे असे कोणतेही ठिकाण’ इथपर्यंत तिनं लिहिलं, आणि तिचे हात थिजले.

तिनं लिहिलं म्हणून ते घर झालं होतं. आता ते नाही असं तिनं लिहिलं, तर दार जाईल. बाक जाईल, तो निळा मग जाईल. मग त्या दारामागे जी पोरं पातेली वाजवतायत, ती कुठे जातील?

आणि काहीच लिहिलं नाही, तर उद्या आणखी कोणी आपलं मूल नेऊन सोडेल.

फोन पुन्हा वाजायला लागला. सर. तिनं उचलला नाही. लिहिलेलं खोडलं आणि एका दमात नवं लिहिलं. ‘शनिवारच्या पुरवणीत निवांत घराची बंद व्हायची वेळ नजरचुकीने राहून गेली. हे घर आज संध्याकाळी सहा वाजता कायमचे बंद होत आहे. आतील सर्व मुलांनी आपापल्या घरी जावे.’

उद्याच्या अंकात ‘आज’ कसं चालेल, असं तिच्या मनात आलं. मग लक्षात आलं, अंक छापून होईपर्यंत थांबायची गरज नाही. वर्तमानपत्राच्या संकेतस्थळावर टाकलं की झालं, ते लगेच वाचता येतं. त्याचा पासवर्ड तिच्याकडेच होता. तिनं बटण दाबलं. मजकूर गेला.

खिडकीबाहेर उन्हं उतरायला लागली होती. सहाला फारसा अवकाश नव्हता. तीन दिवसांत पहिल्यांदाच तिनं पोटभर श्वास घेतला.

“सर्व मुलांनी आपापल्या घरी जावे,” मागून आवाज आला. न अडखळता, एकसलग. भिंगरीला अजून वाचता येत नव्हतं.

ती कधी सोफ्यावरून उठून मागे येऊन उभी राहिली, आईला कळलंच नव्हतं.

“मग मी कुठे जायचं?” मुलीनं विचारलं.

आईला मान वळवता येईना. डोळ्यांतून पाणी आपोआप वाहत होतं.

छोटासा हात पुढे आला. त्यानं फ्रॉकच्या कडेनं तिचा गाल नीट, काळजीपूर्वक पुसला.

“रडू नका,” ती म्हणाली. मग थांबली. आणि जिभेवर एखादा नवा शब्द ठेवून बघावा, इतक्या हळू आवाजात म्हणाली, “आई.”