सातेरीच्या आठ पेट्या

"माज्या आठी पेट्या मेल्या, ताई! आन् मारणारा ह्यो समोर हुबाय!" लंकाबाईंनी चांगदेवकडं बोट दाखवलं.

डोंगरावरच्या आहुपे गावच्या लंकाबाई सातेरी पाळायच्या. सातेरी म्हणजे आपली डोंगरातली मधमाशी. मधमाशी फिरल्याशिवाय काकडी धरत नाही, म्हणून ओतूरच्या संपतनं यंदा पहिल्यांदाच त्यांच्या पेट्या खाली आपल्या काकडीच्या शेतात आणवल्या. चांगदेवनं पाळलेल्या विलायती, परदेशी जातीच्या माश्या तिथं दरवर्षीच्या, दहा पावलांवर. त्या मात्र ठणठणीत! मग संशय दुसऱ्या कुणावर जाणार? लंकाबाई तर पोलिसांत तक्रार द्यायला निघाल्या होत्या.

म्हणून संपतनं घाईघाईनं वृषाली डुंबरे या खासगी गुप्तहेर बाईंना बोलावलं. सोबत त्यांचे जुने शिक्षक, रामदास सर. सरांनी कॉलेजात तीस वर्षं कीटक शिकवलेले. किडा ओळखण्यात पटाईत, माणूस ओळखण्यात यथातथाच.

वृषालीनं लंकाबाईंची एक पेटी उघडली.

"सर, पेटीपुढं मेलेल्या माश्यांचा सडा नाही. अळ्या तेवढ्या घरांत सुकल्यात."

"विष असतं तर आधी बाहेर फिरणाऱ्या माश्या पटापट मेल्या असत्या," सर बोलून गेले, आणि उगाच बोललो असं त्यांना झालं.

"मी हात बी लावला न्हाई राव," चांगदेव रडकुंडीला आला. "फवारा संपतभाऊंनी मारला. त्यांना इचारा."

संपत उसळला. "विषारी औषध न्हाई वो ते! प्रयोगशाळेवाल्यांचं आरएनएचं पाणी. काकडी खाणाऱ्या लाल भुंगेऱ्याच्या पोटात गेलं की त्याचं एक जनुक गप व्हतं आन् तो मरतो. कंप्युटरवर अक्षरं जुळवून बनवलंय. चांगल्या किड्यांची यादी आधीच कंप्युटरला दिलीया, त्यांना काय व्हत न्हाई. त्या यादीचा कागद हाय घरात."

"आणा," वृषाली म्हणाली.

"एकोणीस नावं वाचून काय कळणार, वृषाली?" सर घाईनं म्हणाले. "ऊन चढलंय. चल आता."

वृषालीनं त्यांच्याकडं एकदा पाहिलं. मग संपतनं आणलेली यादी वाचली, आणि बाजूला जाऊन प्रयोगशाळेला फोन लावला.

थोड्या वेळानं सगळे संपतच्या पडवीत बसले.

"चांगदेवनं काही केलेलं नाही," वृषाली म्हणाली. "माश्यांनी फुलावरचं ते पाणी परागासोबत पेटीत नेलं आणि अळ्यांना भरवलं. म्हणून मोठ्या माश्या वाचल्या, अळ्या गेल्या, आणि नवी पिढीच नाही म्हणून पेट्या संपल्या. जनुक म्हणजे अक्षरांची ओळ. भुंगेऱ्याचा जो तुकडा गप करायचा, तो सातेरीतही जसाच्या तसा आहे. विलायतीत नाही. प्रयोगशाळेनं आत्ता ताडून सांगितलं."

"मग कंप्युटरला कळलं न्हाई व्हय?" संपतनं विचारलं.

"तो फक्त यादीतल्या किड्यांशी ताडून बघतो. यादीत मधमाशी एकच. विलायती."

"यादी केली कुणी?"

"कागदावर नाव नाही. पण कागद घरातून यायच्या आधीच आपल्यातल्या एकाला ठाऊक होतं, नावं एकोणीस आहेत."

तिनं सरांकडं पाहिलं नाही. ते तिचं न पाहणंच सरांना जास्त लागलं. पेटी उघडली तेव्हाच त्यांना कळलं होतं. तरी एका गरिबाला दोषी ठरू देत ते गप्प बसले होते. शरमेनं त्यांचे कान तापले. ते उभे राहिले.

"यादी माझी. चांगदेव, मला माफ कर."

लंकाबाईंनी आधी चांगदेवपुढं हात जोडले. मग त्या सरांकडं वळल्या.

"आमची माशी तुमाला म्हाईत न्हवती व्हय, सर?"

"माहीत होती. तीस वर्षं शिकवली."

"मग लिवली का न्हाई?"

"वाटलं, ती डोंगरातली. तिला इथं खाली कोण आणतंय?"



"मीच आणली," लंकाबाई म्हणाल्या आणि डोळ्यांना पदर लावला.

"नाही हो बाई, तुमचं काही चुकलं नाही," सर म्हणत राहिले. पण त्या ऐकत नव्हत्या.