बारा नंबरवाली आणि एक ‘हो’

डेपोच्या जिन्यात अर्ध्यावर ती खाली वाकली आणि बुटाची लेस बांधू लागली.

“तुमचे बूट बिनलेसचे आहेत,” वरून कोणीतरी म्हणालं.

तिने मान वर केली. पांढरा कोट, काखेत फायली आणि चेहऱ्यावर चोरी पकडल्याचं हसू. डेपोच्या दवाखान्यात आदल्याच दिवशी रुजू झालेला नर्स.

“मग? सवय असते… एकेकाला.” श्वास जागेवर नव्हता, वाक्य मधेच तुटलं.

“मलाही आहे. थांबून बघायची.”

“काय, जिना?”

“जिना काय, उद्याही इथेच असेल.”

आगाऊ! ती मनाशी म्हणाली आणि गालातल्या गालात हसली. पण वर पोचेपर्यंत ते हसू विरलं. दोन महिन्यांपासून तिला या अठरा पायऱ्या जड जात होत्या, आणि हे कोणाला म्हणजे कोणालाही ठाऊक नव्हतं. आता एकाला झालं होतं. नेमकं त्याच्याच हातून परवा सगळ्या ड्रायव्हरांची वार्षिक तपासणी व्हायची होती.

ती बारा नंबरची बस चालवायची, म्हणून अख्खा डेपो तिला ‘बारा नंबर’च म्हणे. तिच्यासारख्या काळ्या रंगाच्या बायकांच्या हाती या डेपोत वर्षानुवर्षं झाडू दिला जायचा, स्टिअरिंग नाही. युनियनच्या ताई त्यासाठी भांड भांड भांडल्या, तेव्हा कुठे तिला गाडी मिळाली. ती गाडी जाईल या धास्तीने तिला दोन दिवस अन्न गोड लागलं नाही.

तपासणीला ही रांग लागली. बोटाला चिमटा लावायचा, रक्तातल्या प्राणवायूचा आकडा बघायचा, पुढे जायचं. सगळे त्याला ‘ब्रदर, ब्रदर’ म्हणत होते. तिची जीभ मात्र त्या शब्दाला का कोण जाणे अडत होती.

तिचा आकडा आला शहाण्णव. सुटले! पण तो ‘पुढे’ म्हणेना. त्याने तिची नखं पाहिली. ओठ पाहिले.

“मनगटातून रक्त घ्यावं लागेल,” तो हळूच म्हणाला.

“आणखी कोणाचं घेतलंत?”

“नाही.”

भीतीला पळायला वाट नसली की ती रागाच्या वाटेने बाहेर पडते, तशी ती पडली.

“माझंच का? काळी आहे म्हणून?”

“हो,” तो म्हणाला.

पुढेही तो काहीतरी बोलत होता, पण एकच गलका झाला आणि मागे कोणीतरी आधीच फोन उभा धरला होता.

संध्याकाळपर्यंत ते अकरा सेकंदांचं चित्रण शहरभर पसरलं. प्रश्न तिचा, ‘हो’ त्याचं, संपलं. डेपोच्या फाटकावर ‘वर्णद्वेष्ट्याला हाकला’ असे कागद चिकटले. त्याच्या खोलीच्या खिडकीवर दगड आला. त्याला कामावरून दूर केलं आणि सोमवारी चौकशी लागली. ताई घरी येऊन तिची पाठ थोपटून गेल्या. ती थाप तिला चटक्यासारखी लागली.

शनिवारी दुपारी भुरभुर पावसात तो तिच्या बसमध्ये चढला. टोपी कपाळावर ओढलेली, दोन्ही बाजूंना बघत. शेवटचा स्टॉप येऊन गाडी रिकामी झाली, तरी तो बसून होता.

“उतरायचं नाही?” तिने आरशातून विचारलं.

“भीती वाटते.”

“माझी?”

“बाहेरच्यांची. तुमची… वेगळी.” तो दोन सीट पुढे आला. “त्या दिवशी उत्तर अर्धंच राहिलं. तो चिमटा बोटातून उजेड सोडून मोजतो. गडद कातडीत तो फसू शकतो, आहे त्यापेक्षा चांगला आकडा दाखवतो. तुमचे ओठ वेगळंच सांगत होते. खरा आकडा मनगटातल्या रक्तातूनच कळतो.”

“ओठ बघत होता?”

“कामापुरते.” मग कान लाल करून तो म्हणाला, “आधी कामापुरते. खोटं बोलता येत नाही, तीच तर पंचाईत आहे.”

तिला हसू आलं आणि त्याच क्षणी रडूही. “मग सोमवारी सांगा ना हे!”

“चिमट्याचं सांगेन. जिन्याचं नाही. ते तुमचं आहे. पण तपासून घ्या… कुठेही. मागे चाळीस माणसं बसलेली असतात.”

वायपर नुसता इकडून तिकडे फिरत राहिला. जिन्याची गोष्ट सांगितल्याशिवाय त्याचं कोण ऐकणार होतं? आणि जिना सांगितला तर तिचं स्टिअरिंग गेलंच.

“झाकली मूठ सव्वा लाखाची,” घरी मावशी म्हणाली. “तू काय त्याला जाऊन शिवी दिलीस? कर नाही त्याला डर कशाला!”

“पण मी केलंय ना, मावशी,” ती म्हणाली. तिला रात्रभर झोप आली नाही.

सोमवारी चौकशी वरच्या हॉलमध्ये होती. जिन्याच्या तोंडाशी ताईंनी तिचा दंड धरला. “आज शब्द फिरवलास तर उद्या खऱ्या तक्रारीलाही लोक हसतील. कळतंय?”

कळत होतं. तरी तिने दंड सोडवून घेतला. वर कठड्याशी समितीचे लोक उभे होते आणि त्यांच्या मागे तो, चार दिवसांत निम्मा झालेला. ती चढू लागली. नवव्या पायरीवर छाती भरून आली. हात सवयीने बुटाकडे निघाला… आणि तिने तो मागे घेतला. सगळ्यांच्या देखत ती कठडा धरून धापा टाकत उभी राहिली.

“दम लागतो मला,” ती म्हणाली. “दोन महिने झाले. मशीनला दिसलं नाही, यांना दिसलं. माझ्या रंगामुळेच मशीन चुकलं असेल, म्हणून यांनी ‘हो’ म्हटलं.”

“अगं, काय बोलतेस!” ताई म्हणाल्या.

“ताई, नऊ वेळा खरंच रंगावरून झालं होतं, म्हणून दहाव्यांदा मी पुढचं ऐकूनच घेतलं नाही. पुढच्या वेळी खरं असलं तर मीच सगळ्यांत मोठ्याने ओरडेन. आज नाही.”

तो धडाधड नऊ पायऱ्या उतरला आणि तिच्या शेजारी पायरीवर बसला.

“बसा. आधी श्वास.”

त्याच दिवशी त्याने तिच्या मनगटातून रक्त घेतलं. फुप्फुसाचं दुखणं निघालं. स्टिअरिंग निदान तीन महिने बंद. डॉक्टर म्हणाले, बरं होईल, बहुतेक. त्या ‘बहुतेक’ची तिला फार भीती वाटायची. तिची प्रवाशांच्या चौकशीच्या खिडकीवर बदली झाली. ताई आठवडाभर बोलल्या नाहीत, आणि मग एक दिवस येऊन असे फसणारे चिमटे बदलायचा अर्ज तिच्याकडूनच लिहून घेऊन गेल्या.

तो पुन्हा कामावर आला. रोज दुपारी तो तिच्याबरोबर जिना चढायचा. एक पायरी, एक श्वास. एकदा नवव्या पायरीवर तिने विचारलं, “डेपोत एवढ्या बायका. तुम्ही माझ्याकडेच का बघत असता सारखे? काळी आहे म्हणून?”

त्याचा चेहरा उतरला. त्याने आधी वर पाहिलं, मग खाली. फोन कोणाच्याच हातात नव्हता. तरी ओठ उघडून मिटले.

“घाबरलात?” तिने त्याचा हात धरला.

“हो,” तो म्हणाला. “आणि तुमच्या प्रश्नालाही हो… पण…”

या वेळी ती पुढचं ऐकायला थांबली.