पट्टीवरची हाळी

लखनला एकच वेड होतं, विमानांचे फोटो काढायचं. नांदूरघाटात त्याचा स्टुडिओ. लग्नं, बारशी, वाढदिवस यांवर घर चालायचं. पण दोन दिवस मोकळे मिळाले की गडी कॅमेरा पाठीला मारून कुठल्यातरी विमानतळाच्या कुंपणाला जाऊन चिकटायचा. आतून नव्हे हो, बाहेरून! पुण्याला टेकडीवरून, संभाजीनगरला एका चहावाल्याच्या गच्चीवरून. आणि चांगली जागा हुडकायची म्हणजे काय खायचं काम आहे? ऊन पाठीशी पाहिजे. वारा कुठून येतो ते आधी बघायचं, कारण विमान वाऱ्याला तोंड देऊन उतरतं. भर दुपारी डांबरावर वाफा उठतात नि चित्र थरथरतं, म्हणून सकाळी नाहीतर दिवस कलताना जायचं. एवढं सगळं जुळवावं, तर ऐनवेळी शिपाई काठी आपटत येतो, ते निराळंच.

त्या दिवशी मात्र त्याला कुणी हुसकावणार नव्हतं. धारूरच्या वरच्या माळावर एक जुनी धावपट्टी होती, कुण्या पुढाऱ्यानं हौसेनं बांधलेली आणि मग वर्षानुवर्षं गवतात पडलेली. विमान चालवायला शिकवणाऱ्या एका संस्थेनं ती दुरुस्त करून घेतली होती. तिच्यावर पहिलं विमान उतरवायचा मान मिळाला होता उज्ज्वलाला. उज्ज्वला म्हणजे लखनची धाकटी बहीण. मेंढपाळ सिदूची लेक, एकटी, विमान घेऊन आपल्या मुलखात येणार! सिदू हे बघायला राहिला नव्हता. त्याच्या माघारी कळपही मोडला होता. माय ताराबाई गुडघ्यांनी अधू, तिला माळ चढवेना.

"पोरगी उतरताना मला दिसली पायजे बघ," ती सकाळी म्हणाली होती. "फोटू हलला-बिलला तर घरात घ्यायची न्हाई तुला."

लखन चार वाजायच्या आतच माळावर पोचला. पट्टीवर राखणीला मोहनराव होते, गळ्यात वॉकीटॉकी अडकवलेले, साठीचे, बोलके. वारा दिसावा म्हणून त्यांनी एका टोकाला ओल्या पाल्याचा धूर केला होता. लखननं धूर बघितला, ऊन बघितलं, पट्टीच्या दोन्ही अंगांनी हिंडून आला. मुरमाच्या एका ढिगावर उभं राहिलं की ऊन बरोबर पाठीशी येत होतं आणि पट्टीचं डांबर या टोकापासून त्या टोकापर्यंत नजरेत भरत होतं. अशी जागा त्याला आजवर कुठल्याच विमानतळावर मिळाली नव्हती. तो स्वतःवरच खूश झाला.

"काका, गावातली माणसं का आली न्हाईत बघायला?"

"येत न्हाईत हिकडं," मोहनराव म्हणाले आणि धुरावर पाला टाकायला लागले.

दिवस कलला तेव्हा आवाज आला. आधी बारीक, मग घरघर. पांढरं, इवलंसं विमान दक्षिणेकडून खाली खाली येत होतं. लखननं श्वास रोखला, बोट बटणावर ठेवलं. विमान पट्टीच्या तोंडाशी आलं, आता टेकणार, आणि एकदम गुरगुरून वर उठलं. डोक्यावरून गेलं की!

वॉकीटॉकी खरखरला. "मोहनकाका, पट्टीवर मेंढरं हायत. हटवा की आधी."

मोहनराव पट्टीकडे बघत राहिले. "कुठं? साफ हाय पट्टी."

"अहो, बसलीत की सगळीकडं! ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत..."

लखन ढिगावरून उतरला, धावत पट्टीच्या मधोमध गेला. डांबर कोरडं ठणठणीत. एक लेंडीसुद्धा नाही. त्यानं कॅमेऱ्याला मोठं भिंग लावून दोन्ही टोकं न्याहाळली. काही नाही. पोरगी घाबरली असेल, पहिलीच खेप, उन्हानं डोळे दिपले असतील, असं त्यानं स्वतःला समजावलं. मोहनरावांनी कडेवरूनच फेकलेला वॉकीटॉकी झेलून तो म्हणाला, "उज्ज्वले, मी लखन. पट्टी रिकामी हाय. मी पट्टीवरच उभा हाय बघ."

विमान वरून गोल फिरत होतं.

"दिसतोयस, दादा... तू त्यांच्या मधीच उभा हायस."

लखननं खाली बघितलं. खाली त्याचे बूट होते आणि डांबर होतं. पण वास आला. लोकरीचा, लेंड्यांचा, दुधाचा. लहानपणी ज्याच्यात तो झोपला होता तोच वास. वारा तर धुराच्या बाजूनं येत होता, आणि वासात धूर नव्हता. खरं कुणाचं धरावं? आपले डोळे खोटे म्हणावेत की बहिणीचे? त्याचं डोकं चालेना.

"काका, हे काय हाय?"

मोहनराव पट्टीच्या कडेलाच थांबले होते. त्यांचा बोलकेपणा कुठल्या कुठं गेला होता. "पयलं गायरान व्हतं हितं," ते एवढंच म्हणाले.

उज्ज्वला अजून एकदा खाली आली आणि अजून एकदा वर गेली. या खेपेला तिचा आवाज रडवेला होता. "दादा, दिवस चाललाय. माघारी जायला उजेड पुरायचा न्हाई, अन् हितं दिवे न्हाईत. काय करू मी?"

"डोळे झाकून उतर पोरी, काई न्हाई हितं!" मोहनराव लांबूनच ओरडले. लखननं तेच वॉकीटॉकीत सांगितलं.

"अन् असली तर? चाकाखाली एक जरी आलं तरी उलटंन मी..."

लखनला रडू फुटायला आलं. बहीण वर घिरट्या घालतेय, सूर्य डोंगराला टेकलाय, आणि आपण रिकाम्या डांबरावर दगडासारखे उभे! नसलेली मेंढरं हाकलायची तरी कशी? आणि मग काय झालं कोण जाणे, त्यानं दोन्ही हात वर केले आणि बापाची हाळी घातली. "हुर्र्र्र... हाऽऽ येऽऽ... हाऽऽ येऽऽ..." घशातून निघून शेवटाला चढणारी, सिदूच्या घराचीच हाळी. प्रत्येक घराची वेगळी असते ती. दुसऱ्याच्या कळपाला आपली हाळी घालायची नसते, असं सिदूनं दोन्ही लेकरांना बजावलेलं होतं. लखनला त्या घडीला ते आठवलं नाही. आठवलं असतं तरी त्यानं तेच केलं असतं, बहिणीचा जीव होता तो!

हाळी माळावर लांबवर गेली. क्षणभर घरघरसुद्धा ऐकू येईना.

"उठली..." वॉकीटॉकीतून कुजबुजल्यासारखा आवाज आला. "दादा, उठली सगळी. तुझ्याकडं बघतायत."

लखन पट्टीवरून खाली उतरला, माळाकडे चालायला लागला. हाळी चालूच.

"तुझ्या मागं चाललीत... मागं बघू नको दादा. चालत राहा."

तो चालत राहिला. पोटरीला काहीतरी मऊ घासून गेलं. गुडघ्यामागं हलकी ढुशी बसली, कोकरू देतं तशी. मागं गवत सरसरत होतं, आणि वारा तर पडला होता. मग चाकं टेकल्याचा किर्र आवाज झाला, विमान पट्टीवरून धावत गेलं आणि थांबलं. सुखरूप उतरली पोरगी! लखननं हाळी थांबवली. गळ्यातल्या कॅमेऱ्यात एकही फोटो नव्हता.

उज्ज्वला धावत आली, त्याच्या गळ्यात पडली, आणि मग त्याच्या खांद्यावरून माळाकडे बघत गोंधळून म्हणाली, "कुठं गेली रे?"

खालून तिलाही काही दिसत नव्हतं. मोहनरावांनी विमानाला दोर बांधले, चहा विचारला नाही, थांबा म्हणाले नाहीत. "जावा आता. उजेड हाय तवर जावा," असं म्हणून त्यांनी तोंड फिरवलं.

बहीण-भाऊ मोटरसायकलवर घाट उतरले. वाटेत एकदोनदा लखननं आरशात बघितलं. मागं रस्ता रिकामा होता, फक्त धूळ जरा जास्तच उडत होती.

घरी दिवेलागण झाली होती. ताराबाईनं फाटकातच लेकीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, तिचं तोंड कुरवाळलं, रडली, हसली. फोटो नाही म्हटल्यावर लखनला दोन शिव्या हासडल्या. "ऱ्हाऊ दे, पोरगीच आली न्हवं," म्हणाली. घर पुन्हा घरासारखं वाटायला लागलं. लखनच्या जिवात जीव आला. गाडी आत घेऊन तो फाटक लावायला वळला.

"थांब," माय म्हणाली.

ती रस्त्याकडे बघत होती. मग पदर सावरून, दुखऱ्या गुडघ्यांनी, ती फाटकातून हळूच एका अंगाला सरकली आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिली. कुणाला तरी आत यायला वाट करून द्यावी तशी.

"माय? काय झालं?"

तिची नजर खाली होती, आणि हळूहळू फाटकाकडून अंगणाकडे, पुन्हा फाटकाकडे, पुन्हा अंगणाकडे जात होती. उज्ज्वलानं लखनचा दंड घट्ट धरला. अंगण रिकामं होतं. दोघं किती वेळ तसे उभे होते कोण जाणे. शेवटी लखननं फाटकाची कडी धरली.

"लावू का आता, माय?"

"न्हाई," ताराबाई हळूच म्हणाली. "अजून येतायत..."