फोकस सुटलेले चेहरे

कराडच्या मंगल कार्यालयात नवरीला हळद लागत होती आणि मेघना थोरातचा चार महिन्यांपूर्वी घेतलेला कॅमेरा फोकस धरायलाच तयार नव्हता. भिंग नुसतं आत-बाहेर करत होतं. फ्लॅश उडाला की पिवळ्याधमक चेहऱ्यावर पांढरा डाग!

तिने कानातल्या फोनवरून कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या नूरचाचांना गाठलं.

"चाचा, ऐन हळदीत कॅमेऱ्यानं दगा दिला!"

"त्याला कशाला बोलतीस? हळद किती थापलीय बघ की!"

जुने कॅमेरे लग्नात हमखास फसायचे. नवरा-नवरी सोडून मागच्या फ्लेक्सवरच्या पुढाऱ्यांवर फोकस धरायचे. त्यावर उपाय म्हणून 'नाडीवेध' कॅमेरा आला, मेघनाकडे होता तोच. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला चेहरा किंचित लाल होतो. डोळ्यांना न दिसणारी ती लाली ओळखून हा कॅमेरा जिवंत माणसावरच फोकस धरी. फ्लेक्सवरच्या पुढाऱ्यांना नाडी नसते, एवढी साधी गोष्ट! पण हा शोध लावणाऱ्यांनी हळदीचा समारंभ काही पाहिला नव्हता.

"कपाळावरची दोन बोटं हळद पूस," चाचा म्हणाले. "फ्लॅश छताकडं वळव. बटण अर्धं दाब, फोकस धरू दे, मग पुरतं."

टक्! नवरीची पापणी न् पापणी स्पष्ट आली. मेघनाला नाचावंसं वाटलं.

मग नवरीचे वडील, सर्जेराव, लेकीशेजारी येऊन बसले. त्यांच्या चेहऱ्यावर हळदीचा ठिपकाही नव्हता, तरी भिंग पुन्हा आत-बाहेर करू लागलं.

"चाचा, उजेड आहे, अंतर बरोबर आहे, भिंग पुसलंय. फक्त नवरीच्या वडिलांवरच धरत नाही."

"फोकस सुटतो तो एका लयीत?"

"नाही. दोनदा भरभर, मग थांबतो, मग एकदाच."

"पोरी, कॅमेरा ठीक आहे. त्यांची नाडीच चुकतीय. दवाखान्यात ने. आत्ता."

मेघनाने ते सांगितलं तसे सर्जेराव हसायला लागले. "उद्या लग्न, आणि तुझा कॅमेरा मला आजारी पाडतोय होय?"

नवरी तशीच पाटावरून उठली. "बाबा, तुम्ही नाही गेलात तर मी नेते तुम्हाला. अशीच."

हळद लागलेली मुलगी उंबऱ्याबाहेर पडणार? सर्जेराव आजाराला नाही, त्याला घाबरले आणि मुकाट्याने गाडीत बसले.

दुपारी मेघना ओरडतच चाचांच्या दुकानात शिरली. "चाचा, माणूस वाचला! हृदयात गुठळी धरत होती. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत!"

चाचांना आनंद आवरेना. त्यांनी दोन चहा सांगितले, आणि मग एकदम त्यांच्या डोक्यात काहीतरी आलं. "चार महिन्यांत असे पुसट आलेले फोटो तू किती टाकून दिलेस?"

मेघनाने कॅमेऱ्याची कचरापेटी उघडली. त्रेसष्ट चेहरे होते. कुणाची मामी, कुणी नवरदेव, एक सनईवाला. प्रत्येक वेळी तिने कॅमेऱ्यालाच शिव्या घातल्या होत्या.

"सगळ्यांना फोन करू," ती उत्साहाने म्हणाली. "पहिल्यापासून सुरुवात करू." ती भराभर मागे गेली आणि पहिल्या फोटोवर थांबली.

तो फोटो कॅमेरा घेतला त्या दिवशीचा होता, याच काउंटरवर काढलेला, चाचांचा. फोटो पुसट आला म्हणून चाचा तेव्हा पोट धरून हसले होते. हात हलला तुझा, म्हणाले होते.

चहा आला. कुणीच कप उचलला नाही.

"चाचा," मेघनाने हळूच विचारलं, "त्या दिवशी माझा हात खरंच हलला होता का?"