हंसाची पोकळी

हंसाचं चंद्रभानशी लग्न झालं. पण ते झालंच नाही असं समजून पुढे वाचावं, कारण १९९१ च्या त्या रविवारी शिरगावच्या किनाऱ्यावर तिला त्याला फक्त समुद्रात बुडवायचं होतं.

ती बापाचं जाळं शिवत बसली होती. हा नगरकडचा गडी, बोईसरच्या एका प्रयोगशाळेतला. किल्ला बघत बघत आला आणि बुटांसकट जाळ्यात शिरला. जाळं टरकन फाटलं. आणि वाकून, भोक निरखत म्हणतो कसा, "काय सुंदर टिकलंय..."

हंसाच्या हातातली सुई थांबली.

मग त्याने खुलासा केला. पेन्सिलीतल्या शिशात म्हणे कार्बनच्या जाळ्या एकीवर एक रचलेल्या असतात. त्यांत केसाहून हजारो पट बारीक पोकळी टिकेल का, हे तो कॉम्प्युटरवर मांडून बघत होता. तीन महिने झाले, पोकळी दर वेळी कोसळायची.

"माझं भोक टिकत नाही हो."

"माझं बुजत नाय. बदलायचं?"

तो हसला. तिला हसू आलं नाही — निदान तिने मान खाली घातली.

पुढचे चार रविवार तो माफी मागायला आला, दर वेळी त्याच भोकाची. चौथ्यांदा त्याने कॉम्प्युटरने छापलेलं चित्र दाखवलं आणि हंसा भडकली. भोकाच्या कडेची सगळी टोकं मोकळी! "असं कोन सोडतं? दोनपदरी जाळं फाटलं तं आमी खालची टोकं वरच्या पदराला बांदतो. मंग भोक पसरत नाय, जाळं बसत नाय."

त्याने कॉम्प्युटरवर टोकं तशी बांधून पाहिली. पोकळी टिकली.

अहवालावर त्याने तिचं नाव आपल्या आधी घातलं. प्रयोगशाळेचे प्रमुख खंडेरावसाहेब, त्यांनी ते लाल शाईने खोडलं. कोळणीचं नाव शास्त्रात शोभत नाही म्हणे. फार तर 'स्थानिक सहकार्य' लिहा.

"मी स्थानिक सहकार्य?" हंसा हळू आवाजात म्हणाली. त्यापेक्षा ओरडली असती तर बरं झालं असतं. "नाव लागंल तवाच या. नाय तं येऊ नका."

पुढच्या रविवारी तो आला. हातात फक्त प्रयोगशाळेत दिलेल्या अर्जाची शिक्का मारलेली पोचप्रत. तिने ती उभ्यानेच वाचली. शेवटच्या ओळींशी तिचे कान तापले... संतापानेच असावेत.

'तरी सदर पोकळीचे नाव "हंसा" असे दप्तरी नोंदवावे. ते नियमात बसत नसल्यास, अर्जदारास हंसाचे आडनाव कायमस्वरूपी लावण्याची परवानगी, तिची हरकत नसल्यास, तातडीने मिळावी, ही नम्र विनंती.'